पवित्र जीवन, ख्रिस्ती

देवाने आपलेसे केलेल्या माणसाने आणि मंडळीने त्या नात्याला साजेसे जगणे, हा ख्रिस्ती परंपरेतील ‘पवित्र जीवना’चा अर्थ. शुचिर्भूतता, वैराग्य, सदाचार यांतला कोणताही एक शब्द त्याला पुरा पडत नाही.

मराठीत घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. ‘पवित्र’ हा शब्द ‘पू’ (शुद्ध करणे) या संस्कृत धातूपासून आला. वैदिक वाङ्मयात तो सोमरस गाळण्याच्या लोकरी गाळणीला लावलेला आढळतो, तर पुढे विधीच्या वेळी बोटात घालायच्या दर्भाच्या वळ्यालाही. त्यामुळे गाळून मळ काढणे हीच त्यामागची कल्पना. जुन्या करारातील हिब्रू ‘कादोश’ (पवित्र) या शब्दाचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. जर्मन अभ्यासक बाउडिसिन यांनी १८७८ मध्ये ‘कापून वेगळे काढणे’ हा मूलार्थ मांडला आणि तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेतील सजातीय धातू स्वच्छतेच्या अर्थी येतो, म्हणून शुद्धी हाच मूलार्थ असावा, असे दुसरे मत. तिसऱ्या मतानुसार देवाच्या मालकीचे होणे हा गाभा असून वेगळेपण हा त्याचा परिणाम. शब्बाथाचा (आठवड्याच्या विश्रामाचा) दिवस, भूमी, निवासमंडपातील (इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूतील) भांडी यांनाही हेच विशेषण लागते आणि दिवसाला किंवा भांड्याला नीतिमत्ता नसते, हे पाहता तिसरे मत अधिक समाधानकारक वाटते. जुन्या करारातील उत्पत्ती या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायात याच धातूपासून झालेला ‘केदेशा’ हा शब्द वेश्येसाठी आला आहे. नैतिक शुद्धता हा मूलार्थ धरला, तर त्याची संगती लावणे कठीण जाते. जखऱ्याच्या पुस्तकाच्या अखेरीस घोड्यांच्या घंटांवर ‘परमेश्वराला पवित्र’ अशी अक्षरे येतील आणि यरुशलेमेतले प्रत्येक भांडे पवित्र होईल, असे भाकीत आहे. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या वाचकाला यातली उलटी दिशा ध्यानात येईल. सोवळ्यात विटाळ पसरतो, येथे पावित्र्य पसरते. लक्ष्मीबाई टिळकांनी आत्मचरित्रात स्वतःचे सोवळे सुटल्याची हकीकत सांगितली आहे, ती या संदर्भात वाचण्यासारखी आहे.

‘मी पवित्र आहे, म्हणून तुम्ही पवित्र असा’ ही आज्ञा जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाच्या आरंभी येते. पुढे आईबापांचा मान, शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडणे, मजुराची मजुरी रात्रभर न अडकवणे, खरी मापे-वजने अशा गोष्टी सांगितल्या आहेत. नव्या करारात प्रेषित पौल भांडणतंट्यांनी ग्रासलेल्या करिंथच्या मंडळीलाही ‘पवित्र जन’ म्हणूनच संबोधतो. हा प्रयोग त्याच्या पत्रांत जवळजवळ नेहमी अनेकवचनी आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांनी ‘पवित्र जन’ हा शब्द जपला. ‘संत’ म्हटले की मराठी मनात आधी ज्ञानोबा-तुकोबा येतात, हेही त्यामागचे एक कारण असावे. कॅथलिक वापरात ‘संत’ रूढ आहे.

नागपुरात या कल्पनेचे दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले. त्यांच्याबरोबर वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीची, म्हणजे प्रेसबिटेरियन पंथाच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेची, परंपरा आली. तिच्या मते पवित्रीकरण (माणसाचे पवित्र होत जाणे) हे देवाच्या कृपेचे कार्य असून ते आयुष्यभर चालते आणि या जगात पुरे होत नाही. कॅथलिक बाजूस १८८७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताचे (१९५३ पासून महाधर्मप्रांत) कॅथीड्रल संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) यांच्या नावे आहे. त्यांच्या भक्तिजीवनावरील ग्रंथावर १६०९ हे साल असले, तरी तो १६०८ च्या अखेरीस निघाला असावा. सैनिक, कारागीर, विवाहित स्त्री, विधवा या प्रत्येकाची भक्ती त्याच्या जीवनक्रमाला साजेशी असावी, मठवाशांचा एकांत सर्वांवर लादू नये, असे त्यांनी त्यात मांडले. पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे ही भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये अधिकृतपणे घेतली.

अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन वारशाची संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स यांच्यासोबत ब्रिटिश वंशाचे मेथडिस्टही तीत आले. पूर्ण प्रेमाची अवस्था याच जन्मी लाभू शकते, हे मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचे मत या मेथडिस्टांच्या वारशात होते. म्हणजे ‘इहलोकी अपूर्ण’ आणि ‘इहलोकी शक्य’ मानणाऱ्या दोन परंपरा एका छत्राखाली आल्या. अमेरिकन वंशाचे मेथडिस्ट चर्च मात्र अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या नागपुरातील कॅथीड्रलचे नाव ‘ऑल सेंट्स’, म्हणजे सर्व पवित्र जनांचे.

आचारात घरची संध्याकाळची प्रार्थना, शास्त्रवाचन, रविवारची उपासना किंवा मिस्सा, प्रभुभोजनापूर्वीचे आत्मपरीक्षण, कॅथलिकांत पापनिवेदन आणि लेंटमधील (ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळातील) उपवास यांचा समावेश होतो.

लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांना नव्या कराराची प्रत मिळाली ती १८९३ च्या सुमारास, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत. एका युरोपीय सहप्रवाशाने ती दिली. डोंगरावरील प्रवचनाने ते खिळून राहिले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.