हवा पाठीला की छातीभोवती? बीसीडीच्या दोन घराण्यांची पार्श्वभूमी

पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर तोंड घट्ट बंद केलेला पत्र्याचा डबा बांधायचा आणि त्याला विहिरीत सोडायचं, ही पद्धत आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. डबा पाठीलाच का, हे कुणी समजावून सांगत नाही, पण त्याला कारण आहे. डब्यातली हवा वर यायला बघते. डबा पाठीला असला की पोर पालथं होतं, हातपाय मारायच्या स्थितीत येतं. तोच छातीला बांधला तर पोर उताणं होऊन नुसतं तरंगत राहील. बुडणार नाही, पण पोहायलाही शिकणार नाही.

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांत बीसीडीवरून जो वाद चालतो, तो मुळात याच डब्याचा आहे. बीसीडी म्हणजे पाण्याखाली तरंगणं-बुडणं काबूत ठेवण्यासाठी अंगावर घालायची फुगवता येणारी पिशवी. हवेचा सिलिंडर तिलाच मागच्या बाजूला पट्ट्याने आवळलेला असतो. डाव्या खांद्यावरून पुढे येणाऱ्या नळीच्या टोकाला दोन बटणं असतात. एक दाबलं की सिलिंडरमधली हवा पिशवीत शिरते, दुसरं दाबलं की पिशवीतली हवा बाहेर पडते. जॅकेट प्रकारात ही हवा काखेखाली आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पसरते, काही मॉडेलांत खांद्यांवरही येते. बॅक-इन्फ्लेट प्रकारात ती फक्त पाठीमागे, सिलिंडरच्या दोन्ही अंगांना राहते. पहिली बीसीडी विकत घेणारा माणूस हमखास विचारतो, यातली चांगली कुठली? दोन्ही आल्या कुठून हे पाहिल्याशिवाय याचं सरळ उत्तर देता येत नाही, कारण दोन्हींचा जन्म वेगवेगळ्या भीतीतून झाला आहे.

१९४३ साली फ्रान्समध्ये जॅक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली श्वासाला हवा पुरवणारं अ‍ॅक्वालंग तयार केलं, तेव्हा अशी पिशवी नव्हतीच. कमरेला वजनासाठी शिसं, पायांत रबरी पंखांसारखे फिन आणि छातीतला श्वास एवढ्यावर सगळं भागत असे. छाती भरून श्वास घेतला की माणूस थोडा वर येतो, सोडला की थोडा खाली जातो. भूमध्य समुद्राच्या उबदार पाण्यात, अंगावर फारसं काही नसताना, हे जमून जायचं.

घोळ केला तो वेटसूटने. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी निओप्रीनच्या सूटची कल्पना पुढे आणली आणि थंड पाण्यात तासभर राहणं शक्य झालं. निओप्रीन म्हणजे हजारो बारीक बुडबुडे पोटात असलेलं रबर. पृष्ठभागावर ते जोरात तरंगतं, म्हणून डायव्हर कमरेला जास्तीचं शिसं लावतो. पण दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, तीस मीटरवर चौपट. शाळेत शिकलेला बॉईलचा नियम इथे अंगावर घातलेल्या कपड्याला लागू होतो: बुडबुडे आक्रसतात, सूट पातळ पडतो, त्याचं तरंगणं निघून जातं. शिसं मात्र तेवढंच राहतं. वर अगदी समतोल असलेला डायव्हर खाली गेल्यावर दगडासारखा जड होतो.

त्यातच सिलिंडरमधल्या हवेचं वजन. हवेला वजन ते काय, असं वाटतं. पण नेहमीच्या ८० घनफुटी अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमध्ये साधारण अडीच किलो हवा कोंबलेली असते. डाइव्ह संपत येते तेव्हा त्यातली बरीचशी श्वासावाटे निघून गेलेली असते आणि सुरुवातीला बुडणारा सिलिंडर आता वर ओढायला लागतो. म्हणून वर येताना शेवटच्या पाच मीटरवर स्थिर थांबता येईल एवढं वजन पहिल्यापासून अंगावर वागवावं लागतं. या दोन्ही गोष्टींची भरपाई करायला हवेची पिशवी हवीच होती.

ती पहिल्यांदा आली गळ्यात. फ्रान्सच्या मोरिस फेंझी यांनी १९६१ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि पुढे कितीतरी वर्षं युरोपातले डायव्हर त्या पिशवीला नुसतं 'फेंझी'च म्हणत. घोड्याच्या नालेच्या आकाराची ती पिशवी डोक्यातून घालायची. छातीवर ती रुळायची आणि वर सरकू नये म्हणून एक पट्टा दोन्ही पायांमधून मागे घेऊन आवळायचा. तिला स्वतःची छोटी हवेची बाटली जोडलेली असे. डाइव्हच्या आधी ती मोठ्या सिलिंडरवरून भरून घ्यायची. तोंडानेही पिशवी फुगवता यायची.

फेंझीचं मूळ कूळ लाइफ जॅकेटचं आहे. विमानं समुद्रात कोसळली तर वैमानिकाचं तोंड पाण्याबाहेर राहावं म्हणून दुसऱ्या महायुद्धात जी गळ्यातली जॅकेटं होती, त्यांचीच ही बहीण. बेशुद्ध माणसालाही ती उताणं करून ठेवायची. पृष्ठभागावर तिला तोड नव्हती, पाण्याखाली मात्र ती त्रासाची ठरे. सगळी हवा मानेभोवती आणि सगळं शिसं कमरेला, म्हणजे डायव्हरचं डोकं वर आणि पाय खाली. सिलिंडरचे पट्टे वेगळे, पिशवीचे वेगळे, वजनाचा पट्टा आणखी वेगळा. अडचणीच्या वेळी यातला नेमका कुठला सोडायचा याचा गोंधळ व्हायचा. तरीही ब्रिटनमधल्या डायव्हिंग क्लबांत ती दीर्घकाळ टिकली, आणि मला त्या लोकांचं म्हणणं पटतं. खवळलेल्या थंड समुद्रात बोट दिसेनाशी झाल्यावर माणसाला पहिल्यांदा तोंड वर ठेवणारी वस्तू लागते.

१९७० च्या दशकात स्कूबाप्रो कंपनीचं स्टॅबिलायझिंग जॅकेट आलं. बिनबाह्यांच्या जाकिटासारखं, सिलिंडरचा पट्टा त्यालाच शिवलेला, म्हणजे सिलिंडर आणि पिशवी अशा दोन वेगळ्या गोष्टींऐवजी एकच गोष्ट अंगात चढवायची. आत हवा कुठेही फिरू शकायची आणि तुम्ही ज्या स्थितीत असाल त्या स्थितीत सगळ्यात वरच्या भागात जाऊन बसायची. नळीतून थेट हवा भरायची सोय याच काळात रुळली. गळ्याजवळची बाटली आणि तोंडाने फुंकणं मागे पडलं. १९८० च्या दशकात खांद्यांवर बकलं आली, जॅकेट ढिलं-घट्ट करता येऊ लागलं. आज किनाऱ्यावर भाड्याने मिळणारं जॅकेट थोड्याफार फरकाने तेच आहे.

बॅक-इन्फ्लेट ही नंतरची, सुधारलेली आवृत्ती आहे असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. वॉटरगिल या अमेरिकन कंपनीचा अ‍ॅट-पॅक त्याच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात होता: पाठीवर कडक कवच, त्यात सिलिंडर, शिशाच्या गोळ्या आणि मागे फुगणारी पिशवी, सगळं एकत्र. छाती पूर्ण मोकळी. म्हणजे दोन्ही घराणी जवळजवळ बरोबरच जन्मली. पण डायव्हिंग शिकवणाऱ्यांनी जॅकेटला पसंती दिली आणि पाठीवरची पिशवी काही वर्षं बाजूला पडली.

तिला पुन्हा वर आणलं फ्लोरिडातल्या गुहांनी. उत्तर फ्लोरिडाच्या चुनखडीच्या जमिनीखाली पाण्याने भरलेले मैलोन्‌मैल लांबीचे बोगदे आहेत. पाणी काचेसारखं, तळाशी मात्र पिठासारखा बारीक गाळ. डायव्हरचे पाय जरा खाली लोंबले आणि फिनचा एक फटकारा गाळाला लागला की क्षणात समोरचा हात दिसत नाही. डोक्यावर छत असतं, त्यामुळे सरळ वर यायचा प्रश्नच नाही. परतीची दोरी हातून सुटली तर हवा संपेपर्यंत चाचपडायचं. शेक एक्सली यांच्यासारख्या गुहा-डायव्हरांनी अशा मृत्यूंचा बारकाईने अभ्यास केला आणि नियम घालून दिले. त्या जगात अंग आडवं ठेवणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. पाठीवर दोन सिलिंडर, त्यांचं वजन पाठीवर, तर ते उचलणारी हवाही पाठीवरच हवी, हे ओघानेच आलं.

तिथल्या लोकांनी धातूचा सपाट पत्रा वाकवून पाठीला लावला, त्याला दोन इंची पट्टा ओवला आणि पत्रा व सिलिंडर यांच्यामध्ये पिशवी बसवली. बॅकप्लेट आणि विंग हे जे आज म्हणतात ते हेच. बिल हॉगार्थ मेन यांनी ही मांडणी अधिकाधिक साधी करत नेली: एकच अखंड पट्टा, अनावश्यक बकल नाही, लोंबणारी वस्तू नाही. त्यांच्या मधल्या नावावरून या पद्धतीला हॉगार्थियन म्हणतात. १९९० च्या दशकात फ्लोरिडातल्याच वाकुलाच्या गुहांचा शोध घेणाऱ्या गटातल्या जॉर्ज अर्विन आणि जॅरॉड जब्लॉन्स्की यांनी हीच मांडणी खुल्या समुद्रातल्या साध्या डाइव्हसाठीही योग्य असल्याचं हिरीरीने मांडलं. इंटरनेट नुकतं पसरत होतं. वाद कडाक्याचे झाले आणि जगभर पोचले. मग कंपन्यांनी मधला मार्ग काढला. धातूच्या पत्र्याऐवजी मऊ पाठ, खिसे, वजनाची सोय आणि हवा मात्र पाठीमागे. दुकानात बॅक-इन्फ्लेट म्हणून जे टांगलेलं असतं, ते हे.

मी स्वतः जॅकेटमध्ये शिकले. पहिल्यांदा बॅक-इन्फ्लेट घातली ती भाड्याची, मालवणच्या समुद्रात. पाण्याखाली गेल्यावर वाटलं, कुणीतरी छातीवरची दोरी सोडली. पोट दाबलं जात नव्हतं, अंग आपोआप आडवं झालं होतं, प्रयत्न करावा लागत नव्हता. पण वर आल्यावर बोट वळून यायला वेळ लागला, लाटा उठत होत्या, आणि सवयीप्रमाणे मी बीसीडी गच्च फुगवली. पाठीवरची पिशवी मला पुढे ढकलायला लागली. वजन सगळं पुढच्या खिशांत होतं, तेही त्याच दिशेने ओढत होतं. तोंड पाण्यात जायचं, मी पाय मारून वर काढायचे, पुन्हा जायचं. शेजारी आलेले इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाले, "ताई, हवा थोडी सोडा नि पाठीवर रेला." निम्मी हवा सोडली, आरामखुर्चीत रेलावं तसं मागे झाले, आणि पिशवी पाठीखाली उशीसारखी आली. विहिरीतल्या डब्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

त्याच मालवणला पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरवतात तेव्हा अंगात जॅकेट असतं, आणि ते बरोबरच आहे. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली तोंडाने श्वास घेतला आहे, त्याला आडवं कसं राहायचं याची काळजी नसते. इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून त्याला नेत असतो. घाबरला तर त्याला वर आणून सरळ उभं धरायचं, तोंड बाहेर ठेवायचं, धीर द्यायचा. या कामाला जॅकेट चांगलं. मात्र जो कोर्स करून स्वतः डाइव्ह करू लागला आहे, त्याने अंग आडवं ठेवायला शिकलंच पाहिजे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, इथे खडकांवर प्रवाळ आहे, आणि उभ्याने पोहणाऱ्या माणसाच्या फिनखाली पहिल्यांदा तेच मोडतं. गुहेतला गाळ निदान पुन्हा खाली बसतो, प्रवाळाची मोडलेली फांदी वाढायला वर्षं जातात.

एक गैरसमज मात्र दोन्हीकडे आहे, आणि तो धोक्याचा आहे. बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट, असं लोकांना वाटतं. युरोपातलं बीसीडीचं मानक, ईएन १८०९, हे स्पष्ट करतं की हे साधन पृष्ठभागावर डोकं वर राहील याची हमी देत नाही. जॅकेटसुद्धा देत नाही. बेशुद्ध माणसाला उताणं करणारी फेंझी गेली आणि तिच्याबरोबर ती हमीही गेली. तिची जागा जोडीदाराने घ्यायची असते.

पाण्याखाली पाय लोंबतात त्याचा दोष बहुतेक जण जॅकेटला देतात. माझ्या पाहण्यात तो बहुधा शिशाचा असतो. कमरेला दोन-तीन किलो जास्त लावले की तेवढी जास्त हवा पिशवीत भरावी लागते. हवा वर, शिसं खाली, माणूस उभा. जादा शिसं काढा, उरलेल्यातलं थोडं सिलिंडरच्या पट्ट्यावर सरकवा, आणि जुन्या जॅकेटमध्येही अंग बऱ्यापैकी आडवं येतं. हीच युक्ती बॅक-इन्फ्लेटमध्ये पृष्ठभागावर कामी येते: वजन पाठीकडे गेलं की पुढे ढकलणं कमी होतं.

बॅक-इन्फ्लेट घ्यायचं ठरलं तर पिशवीचा आकार जपून निवडावा. उबदार पाण्यात, पातळ सूट आणि एका सिलिंडरसाठी तेरा-चौदा किलो उचलणारी पिशवी पुरते. दोन सिलिंडरांसाठीची मोठी पिशवी एका सिलिंडरवर लावली तर ती दोन्ही बाजूंनी घडी पडून सिलिंडरभोवती गुंडाळली जाते आणि हवा घडीत अडकते. जॅकेट घ्यायचं असेल तर दुकानातच, सूट घालून, ते पूर्ण फुगवावं आणि दोन मिनिटं तसंच उभं राहावं. श्वास आखडत असेल तर एक माप मोठं मागावं.