चौकटीतील एकटे मूल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपूरच्या गल्लोगल्ली कॅमेरे निघतात. फेटे बांधलेली मुले, सजवलेले लाकडी नंदी, बोजारा (मुलांना दिला जाणारा खाऊ किंवा पैसे) मागत घरोघर फिरणारे घोळके असे सारे टिपले जाते. प्रदर्शनासाठी छायाचित्र निवडायची वेळ आली की मात्र छायाचित्रकाराचा हात बहुधा घोळका ओलांडून पुढे जातो आणि नंदीची दोरी धरून मागे राहिलेल्या एकट्या मुलावर थांबतो. ही ओढ जुनी आहे, आणि त्या चित्रातील एकटेपण दरवेळी मुलाचे स्वतःचेच असते असेही नाही.

१८३९ मध्ये दागेरोटाइपची, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवण्याची, पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्रासाठी बराच वेळ निश्चल राहावे लागे. पुढे हा वेळ काही सेकंदांवर आला, तरी तान्ह्या मुलाला तेवढेही जमत नसे. म्हणून आईच्या अंगावर कापड टाकून तिला खुर्चीसारखे बसवत आणि मूल तिच्या मांडीवर ठेवत. एकोणिसाव्या शतकातील अशा चित्रांत एकटे दिसणारे मूल प्रत्यक्षात आईच्या हातांत असे. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी ४८व्या वर्षी कॅमेरा हाती घेतला आणि मुलांना पंख लावून देवदूत केले. तिथेही मोठ्यांची कल्पनाच अधिक दिसते.

खरे वळण आले ते लुईस हाइन यांच्या कामाने. पेशाने शिक्षक असलेले हाइन १९०८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी छायाचित्रे काढू लागले. गिरणीत शिरकाव मिळावा म्हणून ते कधी बायबलविक्रेत्याचे, कधी अग्निसुरक्षा निरीक्षकाचे सोंग घेत आणि मुलांची उंची स्वतःच्या कपड्यांवरील बटणांवरून ताडून टिपून ठेवत. साउथ कॅरोलायनातील लँकेस्टरच्या कापडगिरणीत ३० नोव्हेंबर १९०८ रोजी काढलेल्या चित्रात ४८ इंच उंचीची एक मुलगी दूरवर गेलेल्या चात्यांच्या रांगेसमोर उभी आहे. हाइन यांनी खाली लिहिले आहे की ती तिथे काम करणाऱ्या अनेक लहान मुलांपैकी एक आहे. तिला चौकटीत एकटी ठेवण्याचा निर्णय त्यांचा होता, कारण शंभर मुलांची यादी वाचून न हलणारा माणूस एका मुलीपुढे थबकतो. कापसाच्या आणि गिरण्यांच्या आपल्या शहराने हे चित्र परके मानू नये. नागपुरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या भारतातील पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली, पण सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तास काम करून घेण्याची मुभा ठेवली.

अमेरिकी छायाचित्रकार हेलन लेविट यांनी दया मागणे सोडून दिले. समोर न बघता बाजूचे दृश्य काटकोनातून पाहता येणारे भिंग लावलेला लायका कॅमेरा घेऊन त्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हिंडत, त्यामुळे खेळात बुडालेल्या मुलांना आपल्याकडे कोणी पाहत आहे याची जाणीवही होत नसे. १९४३ मध्ये तेथील आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले आणि मुलाच्या एकांताला, त्यामागे कोणतेही दुःख नसतानाही, कलेत जागा मिळाली. अमेरिकी छायाचित्रकार सॅली मान यांनी १९९२ मध्ये स्वतःच्या तीन मुलांची छायाचित्रे पुस्तकरूपाने आणली, तेव्हा मुलाची संमती नेमकी कोणी द्यायची यावर मोठा वाद झाला. तो वाद आवश्यकच होता, असे मला वाटते.

भारतात दयानिता सिंग यांच्या एका चित्रात गणवेशातील मुलगी पलंगावर पालथी पडली आहे; तिचा चेहरा दिसत नाही आणि कारणही सांगितलेले नाही. गौरी गिल यांनी २००३ मध्ये राजस्थानातील लूणकरणसरच्या बालिका मेळ्यात तंबूचा स्टुडिओ उभारला आणि कसे उभे राहायचे, एकटीने की मैत्रिणीसोबत, हे मुलींवरच सोपवले. लेविटपर्यंत मुलाला कळू न देणे हे कसब मानले जाई. इथे मुलीला सारे ठाऊक आहे आणि तरीही चित्र जिवंत आहे.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे छायाचित्र माध्यमांतून प्रसिद्ध करता येत नाही. त्यामुळे नागपूर स्थानकाच्या फलाटावर राहणाऱ्या मुलाचा चेहरा प्रदर्शनात लावण्याचा मोह टाळावाच लागतो. नागपूरच्या महाल भागातील घराच्या ओट्यावर एकटे बसलेले मूल या कलमात येत नाही. तिथे पालकांना विचारणे, आणि समजत्या वयाच्या मुलाला काढलेले चित्र दाखवून ते लावू का असे विचारणे, हे छायाचित्रकारावरच राहते.