विधी, साहित्य, अर्थशास्त्र, धोरण : जोडनावाच्या परिषदांची पार्श्वभूमी

विधी (म्हणजे कायदा) आणि साहित्य, विधी आणि अर्थशास्त्र, त्याला जोडून सार्वजनिक धोरण: अशा लांबलचक नावांच्या परिषदांची निमंत्रणं वडोदऱ्यातल्या मराठी प्राध्यापकांच्या आता अंगवळणी पडली आहेत. ही कल्पना अमेरिकेतून आली असं सांगतात. ते खरंही आहे. 1960 साली शिकागोच्या एका नियतकालिकातल्या लेखानं कायद्याला अर्थशास्त्राचा हिशेब लावला आणि 1973 मध्ये विधी-साहित्याचं पाठ्यपुस्तक निघालं.

पण बडोद्याच्या दरबारात ही सरमिसळ त्याआधीच नांदत होती. 1904 मध्ये संस्थानचे अमात्य झालेले बंगाली गृहस्थ रमेशचंद्र दत्त बॅरिस्टर होते, कादंबरीकार होते आणि भारताचा आर्थिक इतिहासही त्यांनीच लिहिला होता. बालविवाहाविरुद्धचा कायदा, 1906 चं सक्तीचं शिक्षण हे इथल्या वाचकाला पाठ आहे.

आजच्या परिषदांची मुळं मात्र तिथे नाहीत. 1988 मध्ये बंगळुरूत बारावीनंतरचे, कायद्याबरोबर इतर विषयही शिकवणारे पाच वर्षांचे विधी वर्ग भरू लागले, पुढे तोच साचा देशभर पसरला. त्यामुळे इंग्रजी, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राचे शिक्षक विधी महाविद्यालयांच्या हजेरीपटावर आले. त्यांनाही बढती हवीच होती.

इथे विद्यापीठ अनुदान आयोगाची 30 जून 2010 ची अधिसूचना येते. शिक्षकांच्या बढतीसाठी गुण मोजायचं ठरलं. लेख तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या संशोधनपत्रिकेतल्या लेखाला 15 गुण, आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर 10, राष्ट्रीय परिषदेत साडेसात. लेख छापून यायला वर्ष-दोन वर्षं लागत, परिषद शनिवार-रविवारी उरकते. परदेशातला एखादा पाहुणा आणला की राष्ट्रीयची आंतरराष्ट्रीय व्हायला कितीसा वेळ! जोडनावाचा फायदाही उघड होता: एकाच मांडवात चार विभागांचे शिक्षक, प्रत्येकाचं शुल्क आणि प्रत्येकाचं प्रमाणपत्र. या निर्णयाचे समर्थक म्हणतात की त्यामुळे छोट्या गावातला शिक्षक पहिल्यांदा बाहेर पडला, दुसऱ्या विषयाच्या माणसासमोर बोलला. त्यात तथ्य आहे. तरीही दहा मिनिटांत निबंध वाचून दुपारची गाडी गाठणाऱ्यांची परंपरा याच आकड्यांनी घडवली, असं माझं मत आहे. विषयांचा संवाद व्हायचा तर अर्थशास्त्राच्या माणसानं साहित्याच्या सत्रात बसायला हवं. तो तर आपल्या सत्राच्या रांगेत उभा असतो.

आयोगाच्या 18 जुलै 2018 च्या नियमांनी गुण घटवले: देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला 5, राष्ट्रीयला 3. वाचलेला निबंध पुढे संग्रहात छापला तरी गुण एकदाच. मात्र सरकारला सादर केलेल्या धोरण-मसुद्याला राज्य पातळीवर 4 आणि राष्ट्रीय पातळीवर 7 गुण ठेवले. शीर्षकांच्या शेवटी 'सार्वजनिक धोरण' हे शब्द वरचेवर दिसतात, त्यामागे हेही एक कारण असावं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वडोदऱ्यात 91 वं मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी होते, म्हणजे साहित्य आणि कारभाराची ती जुनी दरबारी सरमिसळ इथे पुन्हा दिसली.