मार्चिंग बँडची स्पर्धा आणि ड्रम कोअरचा शो: मैदान एक, हिशेब दोन

अमेरिकेतील एखाद्या शाळेच्या फुटबॉल मैदानावर दिव्यांच्या उजेडात शे-दीडशे मुले वाद्ये वाजवीत आखीव रचना करत आहेत, कडेने ध्वज फिरवणारा गट धावतो आहे, वर प्रेस बॉक्समध्ये परीक्षक गुण देत आहेत आणि प्रेक्षागृहामागे खाण्यापिण्याचा स्टॉल लागला आहे, असे दृश्य दिसले, तर तो शाळांच्या मार्चिंग बँडची स्पर्धा आहे की ड्रम कोअरचा शो आहे, हे नवख्या माणसाला पटकन सांगता येत नाही. वाद्यांकडे नीट पाहिले की उलगडा होतो. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन दिसले तर तो बँड. फक्त पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि कलर गार्ड, म्हणजे ध्वज फिरवणारा गट, असेल तर ते ड्रम कोअर. मात्र या लेखाचा विषय वाद्यांमधला फरक हा नाही. दोन्ही कार्यक्रमांना मैदान, परीक्षक, तिकीटखिडकी आणि स्वयंसेवक सारखेच लागत असले, तरी त्यांतला पैसा एकमेकांच्या नेमक्या उलट दिशेने वाहतो, आणि हे लक्षात न घेता ‘बँडस्पर्धा तर आपण दरवर्षी घेतो, तसाच एक ड्रम कोअरचा शो घेऊ’ असे ठरवणाऱ्या स्थानिक संस्थेला मोठा फटका बसू शकतो.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांतल्या मराठी कुटुंबांची मुले शाळेच्या बँडमध्ये असतात आणि त्यांचे आईवडील पालकांच्या बूस्टर क्लबमध्ये काम करतात. शोचे यजमानपद घ्यावे की नाही, हा निर्णय अनेकदा अशाच क्लबच्या बैठकीत होतो. म्हणून हा फरक सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

आधी बँडस्पर्धा पाहू. ती बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी, यजमान शाळेच्या स्वतःच्या मैदानावर होते. आसपासच्या जिल्ह्यांतल्या शाळांचे बँड सहभागशुल्क भरून येतात, म्हणजे सादरीकरण करणारेच यजमानाला पैसे देतात. प्रत्येक बँडबरोबर त्या मुलांचे आईवडील, भावंडे, आजीआजोबा येतात आणि तेही तिकीट काढूनच आत येतात. त्यांना बोलावण्यासाठी जाहिरात करावी लागत नाही, कारण आपले मूल मैदानात उतरणार आहे, एवढे कारण त्यांना पुरते. कार्यक्रम सकाळी किंवा दुपारी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालतो. त्यामुळे तिथे आलेल्या माणसाचे निदान एक जेवण, बऱ्याचदा दोन जेवणे मैदानावरच होतात आणि पालक-स्वयंसेवक चालवत असलेला स्टॉल चांगली कमाई करतो. खर्चाची बाजू हलकी असते: परीक्षकांचे मानधन व प्रवास, चषक, ध्वनियंत्रणा, सुरक्षा आणि रुग्णवाहिका. अनेक बूस्टर क्लबांचे वर्षभरातले निधी उभारण्याचे सर्वांत मोठे साधन ही स्पर्धाच असते.

ड्रम कोअरचे गणित वेगळे आहे. कोअर ही शाळेची शाखा नसते, ती स्वतंत्र ना-नफा संस्था असते. मुख्य गटातील मोठ्या कोअरमध्ये साधारण बावीस वर्षांपर्यंतचे दीडशेच्या आसपास तरुण-तरुणी असतात, आणि त्यांच्याबरोबर प्रशिक्षक, बसगाड्या, वाद्यांचे ट्रक आणि फिरता स्वयंपाकघर-ट्रक असा सगळा संसार जून ते ऑगस्ट देशभर फिरत असतो. या दौऱ्याची आखणी ड्रम कोअर्स इंटरनॅशनल ही संस्था करते आणि हंगामाची सांगता ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसमधील लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. मधल्या बहुतेक मुक्कामांवरचे शो स्थानिक यजमानांच्या भागीदारीत होतात. यजमान कधी बूस्टर क्लब असतो, कधी शहरातली एखादी सेवाभावी संस्था, तर कधी स्वतः एखादी कोअरच. इथे सादरीकरण करणारे यजमानाला शुल्क देत नाहीत. उलट संघांच्या ठरलेल्या यादीसाठी यजमानालाच आधी रकमेची हमी द्यावी लागते, आणि ती रक्कम तिकिटे किती खपली यावर अवलंबून नसते. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग ठरावीक रकमेला विकत घेणारा कंत्राटदार जी जोखीम उचलतो, तीच जोखीम हा यजमान उचलत असतो.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, बँडस्पर्धेला १६ बँड आले आणि प्रत्येकाने ३०० डॉलर सहभागशुल्क भरले. ४,८०० डॉलर तिकीटखिडकी उघडण्याआधीच जमा झाले. परीक्षक, चषक व इतर खर्च ५,००० डॉलर धरला, तर उरलेले २०० डॉलर पहिल्या काही कुटुंबांच्या तिकिटांतूनच निघतात. त्यानंतरचे प्रत्येक तिकीट आणि स्टॉलवरचा नफा जवळजवळ सगळा शिल्लक राहतो. आता समजा, कोअरच्या शोचा हमीची रक्कम, मैदानभाडे, विमा, सुरक्षा आणि जाहिरात मिळून एकूण खर्च ४०,००० डॉलर आहे आणि सरासरी तिकीट २५ डॉलरचे आहे. खर्च भरून निघायला १,६०० तिकिटे खपली पाहिजेत. १,४०० खपली, तर तूट ५,००० डॉलरची. वास्तविक १,४०० माणसे शाळेच्या मैदानावर कमी दिसत नाहीत. टाळ्या भरपूर पडतात, वातावरण भारलेले असते आणि शो उत्तम झाला असे सगळे म्हणतात. तोटा कळतो तो दुसऱ्या दिवशी वही उघडल्यावर.

मग प्रेक्षक का कमी पडतात? मुख्य कारण असे की कोअरमधली मुले त्या गावची नसतात. एका कोअरमध्ये अनेक राज्यांतली, शिवाय जपानसारख्या दूरच्या देशांतलीही मुले असतात. त्यांचे पालक हजारो मैलांवर असतात, आणि त्यांतले काहीजण एखाद-दुसऱ्या शोला किंवा थेट अंतिम फेरीला येतात. म्हणजे बँडस्पर्धेत आपोआप मिळणारा हक्काचा प्रेक्षक इथे मुळातच नसतो. इथला प्रेक्षक शोधावा लागतो. तो जुना रसिक असतो, एकेकाळी कोअरमध्ये वाजवलेला माणूस असतो, बँडमध्ये वाजवणारा विद्यार्थी असतो. यांतला विद्यार्थी सर्वांत महत्त्वाचा, पण तोच उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाबाहेर गेलेला असतो. दौऱ्याची आखणी एका शहरातून दुसऱ्या शहराच्या अंतरावर बेतलेली असल्याने काही शो मंगळवारी-बुधवारीही येतात, आणि कामाच्या दिवशी दोन तास गाडी चालवून येणारा रसिक कमीच असतो.

हा फरक नेहमीच होता असे मात्र नाही, आणि दोन कार्यक्रमांची गल्लत का होते याचे उत्तर मला या इतिहासातच दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत अमेरिकेत शेकडो कोअर होत्या. चर्च, अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटना आणि स्थानिक मंडळे त्या चालवत. मुले त्याच गल्लीबोळांतली असत, स्पर्धाही जवळपास होत आणि आईवडील खुर्च्या भरून टाकत. त्या काळातला कोअरचा शो हिशेबाच्या दृष्टीने आजच्या बँडस्पर्धेच्या बराच जवळ होता. पुढे दौरे लांबले, खर्च वाढला, आणि बक्षिसाची रक्कम क्रमांकानुसार मिळत असल्याने मागे राहिलेल्या कोअरला प्रवासखर्च भागवणेही अवघड होऊ लागले. १९७१मध्ये कॅव्हेलिअर्स, ट्रूपर्स, ब्लू स्टार्स, मॅडिसन स्काउट्स आणि सांता क्लारा व्हॅनगार्ड या पाच कोअर एकत्र आल्या आणि त्यांनी आपले प्रयोग एकत्रितपणे यजमानांपुढे ठेवण्याचा मार्ग धरला. त्याच हालचालींतून ड्रम कोअर्स इंटरनॅशनल उभी राहिली आणि १९७२मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. मोबदला ही या संस्थेच्या जन्माशीच जोडलेली मागणी आहे, आणि कोअरच्या बाजूने पाहिले तर ती पूर्णपणे न्याय्य आहे. सदस्य मुले स्वतः हजारो डॉलर शुल्क भरून रात्री शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात. त्यांच्या संस्थेने वाद्ये आणि डिझेलचा खर्च सोसून फुकट वाजवावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. मात्र या व्यवस्थेत जोखमीचा मोठा वाटा स्थानिक यजमानाच्या अंगावर आला, हेही तितकेच खरे आहे.

बँडस्पर्धेत ज्याचा विचारही करावा लागत नाही असा आणखी एक भार म्हणजे निवासाची सोय. बँड आपापल्या बसने येतात, वाजवतात आणि रात्री घरी जातात. कोअर मात्र पहाटे चार-पाच वाजता आदल्या गावाहून पोहोचते. तिला झोपायला जिम लागते, अंघोळीची सोय लागते, स्वयंपाकघर-ट्रक उभा करायला जागा लागते आणि दिवसभराच्या सरावासाठी यार्डांच्या रेषा आखलेले मैदान लागते. सहा-सात कोअर येणार असतील, तर तेवढ्याच शाळा शोधाव्या लागतात. उन्हाळ्यातच शाळा जिमची लाकडी जमीन घासून नव्याने पॉलिश करतात, मैदानावरची कृत्रिम हिरवळ बदलतात आणि इमारतीची दुरुस्ती काढतात. त्यामुळे महिनाभर आधी होकार दिलेली शाळा ऐन वेळी हातची जाऊ शकते. जी शाळा मिळते, ती सफाई कर्मचाऱ्यांच्या जादा वेळेचे आणि वातानुकूलनाचे पैसे लावते. हे पैसे यजमानाने द्यायचे की कोअरने, हे जागोजागी वेगळे ठरते, आणि जिथे ते आधी लिहून ठेवलेले नसते तिथे शेवटी ते यजमानाच्याच गळ्यात पडतात.

आसनांच्या बाबतीतही अंदाज चुकतो. कोअरच्या रचना समोरून आणि उंचावरून पाहण्यासाठी बसवलेल्या असतात. म्हणून दहा हजार आसनांच्या मैदानातली निम्मी, म्हणजे समोरच्या बाजूची आसनेच विकण्याजोगी ठरतात, आणि त्यांतही मध्यरेषेजवळच्या वरच्या रांगांनाच चांगली किंमत येते. बँडस्पर्धेत पालक मिळेल तिथे बसतात. शिवाय कोअर शोआधी वाहनतळावर किंवा शेजारच्या मोकळ्या जागेत वाद्ये गरम करतात, ती पाहायला, विशेषतः ढोलपथकाचा सराव ऐकायला, तरुणांची गर्दी जमते, आणि त्यातले काहीजण तिकीट न काढता तेवढेच ऐकून परततात. या गर्दीवर मी राग धरणार नाही, कारण उद्याचे वादक तिच्यातच असतात, परंतु यजमानाच्या गल्ल्यात तिची भर पडत नाही. कोअरच्या टी-शर्ट आणि टोप्यांच्या विक्रीची कमाईही कोअरची असते, आणि ती तशीच असायला हवी.

पावसाचा फटका दोघांनाही बसतो, पण सारखा नाही. जवळपास वीज चमकली की मैदान रिकामे करायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबायचे, हा अमेरिकेतला सर्वमान्य नियम आहे. बँडस्पर्धा अर्ध्यात थांबली, तरी सहभागशुल्क आधीच जमा झालेले असते आणि सकाळच्या सत्रातल्या पालकांची तिकिटेही विकलेली असतात. कोअरचा शो तीन तासांचा असतो आणि त्याला एकच संध्याकाळ मिळते. दुपारी आकाश भरून आले की ऐन वेळी तिकीट काढणारा माणूस घरीच थांबतो, आणि शो दुसऱ्या दिवशी घेता येत नाही, कारण तोवर कोअर पुढच्या शहराच्या वाटेवर असते.

संघांच्या यादीतही अनिश्चितता असते. सांता क्लारा व्हॅनगार्डच्या मुख्य कोअरने २०२३चा हंगाम आर्थिक कारणांनी घेतला नाही. २०२४च्या सुरुवातीला कॅडेट्स या १९३४पासूनच्या कोअरने तर काम कायमचे थांबवले. अशी नावे पाहून तिकीट काढणारे रसिक असतात, आणि ते नाव यादीतून गेले तर तिकिटांची मागणी घटते, खर्च मात्र त्याच प्रमाणात घटत नाही.

बँडस्पर्धा आणि कोअरचा शो या दोहोंच्या मधली एक व्यवस्थाही आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ब्लू नाइट्स ही कोअर डेन्व्हरला ‘ड्रम्स अलाँग द रॉकीज’ हा शो दीर्घकाळ घेत आली आहे. कोअर स्वतः यजमान असते तेव्हा तिच्याकडे स्वयंसेवकांची तयार फळी असते, माजी सदस्य त्याच भागात राहतात आणि घरच्या मैदानावर वाजवणाऱ्या मुलांचे निदान काही पालक तरी हजर असतात. बँडस्पर्धेतला हक्काचा प्रेक्षक अशा शोला थोडाफार परत मिळतो. ज्या बूस्टर क्लबला हे शक्य नाही, त्याने आपल्या जिल्ह्यातल्या बँड-विद्यार्थ्यांना शाळा सुटण्याआधीच, मे महिन्यात, गटाने सवलतीची तिकिटे विकावीत. शोच्या दिवशी एखाद्या कोअरच्या प्रशिक्षकांचे मार्गदर्शनसत्र त्याच तिकिटात जोडले, तर मुले आणि त्यांना सोडायला आलेले पालक दोन्ही येतात. स्थानिक व्यापाऱ्यांचे प्रायोजकत्व हमीच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत तरी सही करण्याआधी मिळालेले असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिकिटांच्या भरवशावर पूर्ण हमी देणे मी कोणत्याही पालकसंघाला सुचवणार नाही.

करार पुढे आल्यावर चार गोष्टी नेमक्या शब्दांत लिहून घ्याव्यात. पावसाने शो अर्ध्यात थांबला तर किती रक्कम देय राहते, जाहीर झालेल्या यादीतली कोअर आली नाही तर रक्कम कमी होते का, निवासाच्या शाळांचे बिल कोणाच्या नावे येते, आणि शोचे इंटरनेटवर थेट प्रक्षेपण होणार असेल तर त्याच्या उत्पन्नात यजमानाचा काही वाटा आहे का. शेवटचा मुद्दा अलीकडचा आहे, पण घरी बसून शो पाहण्याची सोय झाल्यापासून दूरच्या रसिकाला प्रवासाची गरज उरलेली नाही, त्यामुळे तो आता पहिल्या तीन मुद्द्यांइतकाच महत्त्वाचा झाला आहे.