अठराच्या आतल्या मुलांसाठी सिमकार्ड : दुकानात येण्याआधी वाचा

दहावीचा निकाल लागला की अकरावीला बाहेरगावी निघालेली मुलं काउंटरवर येतात. हातात नवा मोबाइल, आधार कार्ड, रिचार्जचे पैसे. हवं असतं फक्त सिम. ते आम्हाला देता येत नाही. ‘दादा, प्रीपेडच आहे, पैसे आधीच देतोय ना,’ असं कितीही म्हटलं तरी नाही.

पैसे आधी की नंतर, हा प्रश्नच नाही. सिम घेताना जो अर्ज भरला जातो तो कंपनी आणि ग्राहक यांच्यातला करार असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे करार सज्ञान माणसानेच करायचा, म्हणजे १८ वर्षं पूर्ण हवीत. दूरसंचार विभागाने २०२१ मध्ये कंपन्यांना हे पुन्हा बजावलं. प्रीपेड, पोस्टपेड दोन्हीला नियम एकच. साडेसतरा असेल तर? तरीही नाही. हँडसेट घ्यायला मात्र अशी अट नाही.

मग करायचं काय?

कार्ड आई किंवा वडिलांच्या नावावर घ्या आणि मुलाला वापरायला द्या. ज्यांच्या नावावर घ्यायचं त्यांनी स्वतः यायला हवं. थम लावावा लागतो आणि फोटो समोरासमोरच काढतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला चालत नाही. कागदी केवायसी १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे, त्यामुळे झेरॉक्स आणून उपयोग नाही. मुलगा हॉस्टेलला जाण्याआधीच हे उरकून घ्या.

नाव कोणाचं द्यायचं, हे बरेच जण घाईत ठरवतात आणि इथेच पुढे अडतं. मोबाइल हरवला तर डुप्लिकेट सिम ज्यांच्या नावावर कार्ड आहे त्यांनाच मिळतं. मुलगी लातूरला क्लासला, वडील नोकरीनिमित्त परराज्यात, आणि कार्ड वडिलांच्या नावावर, असं असेल तर ती नंबराशिवाय बसते. अशा घरात आईचं नाव बरं. डुप्लिकेट सिम सुरू झाल्यावरही पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत, म्हणजे ओटीपीही नाही. सीईटीचा फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी हे कळलेलं कोणालाच परवडत नाही.

शेजारच्या काकांच्या नावावर?

नकोच. त्या नंबरवरून काही भानगड झाली तर पोलीस आधी काकांच्या दारात येतात. दुसऱ्याच्या ओळखीवर फसवून सिम मिळवणं तर दूरसंचार कायदा, २०२३ नुसार गुन्हा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ म्हणणाऱ्यांना आम्ही नाही का म्हणतो, ते यावरून समजावं.

मुलांची कार्डंही पालकांच्याच खात्यात मोजली जातात. सगळ्या कंपन्या मिळून एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त नऊ. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर फुकट पाहता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ म्हणून कळवा.

मुलगा अठराचा झाला की तोच नंबर त्याच्या नावावर करून घेता येतो. त्यासाठी नव्याने केवायसी होते आणि सध्याच्या कार्डधारकाची संमती लागते. येताना दोघांनी आपापलं आधार घेऊन सोबतच या.