‘पॉवर’, ‘मोटिव्हेशन’, ‘एम्पॉवरमेंट’ : मजकूर अनुवादास देण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

मनुष्यबळ विभागांच्या पुस्तिका, प्रशिक्षणाचे साहित्य आणि स्वयंसेवी संस्थांचे अहवाल आम्ही इंग्रजीतून मराठीत आणतो, तेव्हा एक विचारणा हमखास होते : ‘पॉवर’ या एकाच शब्दासाठी एका पानावर ‘अधिकार’, दुसऱ्यावर ‘सत्ता’ आणि तिसऱ्यावर ‘ताकद’ का लिहिले? ही निवड आम्ही जाणूनबुजून केलेली असते. तिची कारणे आपल्याला आधीच ठाऊक असावीत, म्हणून हे पत्रक.

इंग्रजीने एका शब्दावर टाकलेले ओझे मराठीने अनेकांत वाटून दिले आहे. गणितात ‘घात’, भौतिकशास्त्रात ‘शक्ती’, बाजारात ‘क्रयशक्ती’, राष्ट्रांच्या संदर्भात ‘महासत्ता’, वकिलाकडे ‘मुखत्यारपत्र’ आणि चश्म्याच्या दुकानात चक्क ‘नंबर’. ‘सत्ता’ या शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ ‘असणे’ असा असला, तरी आज तो ऐकताच खुर्ची आणि निवडणूक डोळ्यांसमोर येते. त्यामुळे डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या, यशाची, आपुलकीची आणि ‘पॉवर’ची अशा तीन प्रेरणांपैकी तिसरी मराठीत आणताना हात अडखळतो. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘सत्ताप्रेरणा’ चालते. व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणात मात्र तोच शब्द हावरटपणाचा वास घेऊन येतो, आणि चांगल्या व्यवस्थापकाची ही प्रेरणा संस्थेच्या भल्यासाठी वळलेली असते हे मॅक्लेलंड यांचे म्हणणे झाकले जाते. तिथे आम्ही ‘इतरांवर प्रभाव पाडण्याची प्रेरणा’ असे लिहितो. शब्द लांबतो, पण गैरसमज टळतो.

‘मोटिव्हेशन’बाबत आमचीच एक चूक सांगतो. एका कारखान्याच्या सूचनाफलकासाठी आम्ही ‘प्रोत्साहन सत्र, शनिवारी दुपारी ३ वाजता’ असे लिहून दिले. सत्राला गर्दी झाली आणि पहिलाच प्रश्न आला : रक्कम किती? कामगारांचे काहीच चुकले नव्हते, कारण पगाराच्या चिठ्ठीवर ‘प्रोत्साहन’ म्हणजे भत्ता असतो. ‘प्रेरणा’ हा शब्द सभ्य आहे, पण प्रेरणा आपण कुणाकडून तरी घेतो. ज्याला ‘मोटिव्हेटेड’ म्हणायचे त्याच्या आत मुळातच काहीतरी पेटलेले असते. त्यासाठी ‘उमेद’, ‘हुरूप’, ‘कामात मन लागणे’ ही माणसांच्या तोंडची भाषा अधिक नेमकी ठरते. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे नावही ‘उमेद’ आहे आणि ते बचतगटाच्या बैठकीत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ‘अभिप्रेरणा’ आम्ही परीक्षेच्या पुस्तकांपुरती राखून ठेवतो.

सर्वांत अवघड शब्द ‘एम्पॉवरमेंट’, आणि तो केवळ मराठीलाच जड जातो असे नाही. २०१० मध्ये स्थापन झालेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या पूर्ण इंग्रजी नावात हा शब्द आहे. फ्रेंच नावात त्याच्या जागी ‘ओतोनोमिझास्यों’, म्हणजे स्वायत्त करणे, असा शब्द येतो, तर स्पॅनिशने ‘एम्पोदेरामिएन्तो’ स्वीकारला आहे. जर्मनमध्ये ‘एरमेख्तिगुंग’ हा अगदी जवळचा शब्द उपलब्ध आहे, पण १९३३ मध्ये हिटलरच्या मंत्रिमंडळाला संसदेशिवाय कायदे करण्याची मुभा देणारा कायदा याच शब्दाने ओळखला जातो, त्यामुळे पुष्कळ जण तो टाळून सरळ इंग्रजी शब्द वापरतात. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी पाचव्याच्या जर्मन मजकुरात तर महिलांना ‘स्वनिर्णयासाठी समर्थ करणे’ अशी फोड केली आहे. आम्हाला ती फोड फार आवडते.

हिंदीत ‘सशक्तीकरण’ रूढ आहे, मराठीत ‘सक्षमीकरण’ आणि ‘सबलीकरण’ दोन्ही. ‘सबलीकरण’ म्हणताना समोरची व्यक्ती अबला आहे हे आधीच मान्य केल्यासारखे होते, म्हणून ग्राहकाचा आग्रह नसेल तर आम्ही ‘सक्षमीकरण’ लिहितो. पण तेही सर्वत्र बसत नाही. यंत्रावरचा प्रत्येक कामगार लाइन थांबवण्यासाठी ‘एम्पॉवर्ड’ आहे, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य एका सुरक्षा पुस्तिकेत होते. त्याचे ‘कामगार सक्षमीकृत आहे’ असे भाषांतर वाचून कुणाचाही हात लाल बटणाकडे जाणार नाही. आम्ही लिहिले : ‘धोका दिसला तर लाइन थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. त्यासाठी कुणालाही विचारावे लागत नाही.’

म्हणून विनंती अशी की, नुसती शब्दांची यादी न पाठवता संपूर्ण परिच्छेद पाठवावा आणि तो फलकावर लागणार आहे, वर्गात शिकवला जाणार आहे की करारात जाणार आहे, हे कळवावे. आपल्या संस्थेत एखादा शब्द आधीपासून रुळलेला असेल तर तोही सांगावा. आम्हाला तो पसंत नसला तरी कारणासह एकदा सुचवून पुढे आम्ही आपलाच शब्द ठेवतो. करारनाम्यात मात्र एका संज्ञेला शेवटपर्यंत एकच प्रतिशब्द राहतो, मग तो वाचताना कितीही रुक्ष वाटो. पहिला मसुदा देताना अशा शब्दांपुढे समासात आमची टिपणे असतात; ती वाचून, बदल हवे असल्यास, छपाईला देण्यापूर्वीच कळवावेत.