खाणीवरच्या जमिनीचे दोन पापुद्रे आणि पाणी अडण्याची वेगवेगळी कारणं

खाण संपते, खड्डा भरला जातो, वर माती पसरली जाते आणि थोड्याच काळात जमिनीवर पापुद्रा धरतो. पाणी मुरत नाही अशी तक्रार आली की सल्ला ठरलेला: पापुद्रा फोडा. तो कसला आहे हे बघायची तसदी सहसा कोणी घेत नाही. याचा मला मनापासून वैताग आहे, कारण सूक्ष्मजीवांनी विणलेला जिवंत पापुद्रा फोडला तर अनेक वर्षांत जमलेलं यंत्राच्या एका फेरीत जातं.

मातीचा पापुद्रा सगळ्यांच्या ओळखीचा. पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने मातीचे रवे फुटतात, सुटलेले बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर काही मिलिमीटरचा टणक थर उरतो. खाणीतून उपसलेल्या मातीत सेंद्रिय अंश अगदी कमी, त्यामुळे रवे आधीच कच्चे. सोडियम जास्त असेल तर आणखी वाईट.

जिवंत पापुद्रा सायनोबॅक्टेरियापासून, म्हणजे उन्हावर स्वतःचं अन्न बनवणाऱ्या जिवाणूंपासून, सुरू होतो. त्यांचे चिकट आवरणाचे तंतू वाळूच्या कणांना बांधून धरतात, मग शैवाल, बुरशी, दगडफूल आणि मॉस (मखमलीसारखी पसरणारी इवली वनस्पती) येतात. जगातल्या सुमारे 12 टक्के जमिनीवर तो आहे. वाळला की करडा-काळा, मेल्यासारखा दिसतो. रंगावर विसंबू नका. नखाएवढा तुकडा बशीभर पाण्यात ठेवा. मातीचा असेल तर बहुधा काही मिनिटांत फसकून तळाशी गाळ होतो. जिवंत असेल तर एकसंध राहतो, कडेला धाग्यांना लटकलेले वाळूचे कण दिसतात, आणि मॉस असेल तर त्याची पानं डोळ्यांदेखत उलगडतात.

खरा घोळ पुढे आहे. पाणी दोन्ही अडवतात. ‘जिवंत असला की पाणी छान मुरतं’ हेही तितकंच चुकीचं, आणि हे वाक्य मला पहिल्या सल्ल्याइतकंच खटकतं. विचारायला हवं ते हे, की पाणी कशामुळे अडलं आणि पुढे काय होणार.

मातीच्या पापुद्र्यात छिद्रंच बुजलेली असतात. फोडला तरी पुढच्या जोरदार सरीत पुन्हा धरतो. जिवंत पापुद्र्यात कारणं दोन असतात. कोरडा असताना कणांवरच्या सेंद्रिय लेपामुळे तो पाणी झटकतो, म्हणजे भिजतच नाही, आणि ओल टिकली की हे झटकणं हळूहळू ओसरतं. उलट तंतूंचं चिकट आवरण भिजल्यावर फुगतं आणि छिद्रं अरुंद करतं. म्हणजे एकच पापुद्रा सरीच्या सुरुवातीला एका कारणाने पाणी अडवतो आणि थोड्या वेळाने दुसऱ्याच.

झटकणं ओळखायला कोरड्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाका आणि घड्याळ बघा. पाच सेकंदांत आत गेला तर झटकणं नाही. गोळ्यासारखा उभा राहिला तर आहे. मातीच्या पापुद्र्यावर थेंब सहसा चपटा पसरतो आणि मग रेंगाळतो. थेंबाचा हा आकार नीट बघणारा माणूस अर्धं निदान तिथेच करतो.

पण लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीवर इथेही फसायला होतं, कारण मातीत मिसळलेले कोळशाचे कण स्वतःच पाणी झटकतात. पूर्व जर्मनीतल्या लाउझित्सच्या खाणपट्ट्यात अशी माती आहे. तिथे थेंब उभा राहिला म्हणून दोष पापुद्र्याला देण्याआधी तो उचलून खालच्या मातीवरही थेंब टाकायला हवा. याच पट्ट्यात वेल्त्सो-स्युड खाणीत 2005 मध्ये 6 हेक्टरांचं कृत्रिम पाणलोट क्षेत्र उभं केलं गेलं, आणि पहिल्या काही वर्षांतच तिथल्या वाळूवर जिवंत पापुद्रा धरला.

वय आणि माती पाहिल्याशिवाय निवाडा करू नये. सुरुवातीचा पातळ, गुळगुळीत सायनोबॅक्टेरियाचा थर पाणी जास्त वाहू देतो. मॉस दाट झालं की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पाणी थांबून शोषलं जातं. नुसत्या वाळूशी तुलना केली तर जिवंत पापुद्रा मुरणं कमीच करतो, आणि भरावाच्या वाळूत मला ते हवंच आहे: उघड्या वाळूतून पाणी मुळांना न थांबता खाली निघून जातं. बारीक, फुटणाऱ्या मातीत मात्र त्याची तुलना मातीच्या टणक थराशी करायची, आणि तिथे पारडं बहुधा त्याच्याकडे झुकतं. किंमतही आहे. हलक्या सरीचं पाणी मॉस वरच्या वर पिऊन टाकतं, ते वाफ होऊन जातं आणि रोपाच्या मुळापर्यंत पोचतच नाही.

वाहून जाणारं पाणी आणि वाहून जाणारी माती यांची गल्लतही थांबायला हवी. जिवंत पापुद्र्यावरून पाणी भरपूर वाहिलं तरी ते बरंचसं स्वच्छ असतं, आणि शेजारच्या गवताच्या बेटाशी किंवा झुडपाच्या बुंध्याशी अडलं तर तिथे कामी येतं. गढूळ लोंढा दिसला तर तो आला कुठून ते वर चढून बघा. बहुतेक वेळा चाकोरी सापडते, जिथून गाडी गेली आणि पापुद्रा भुगा झाला.

म्हणून मातीच्या पापुद्र्यावर आच्छादन टाका, सेंद्रिय खत घाला, सोडियम असेल तर जिप्सम द्या. जिवंत पापुद्र्यावर यंत्र नेऊ नका, गुरं सोडू नका, आणि रोपं लावायची असतील तर खड्ड्यापुरतीच जागा उकरा. कोरड्या दिवसांत तर त्यावरून चालूही नका, कारण तेव्हा तो सर्वांत ठिसूळ असतो.